सोबतीचा अभ्यास : निराळ्या मेंदूघडणीच्या सहाध्यायाला मार्गदर्शन



अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. या शब्दाची एक उपपत्ती शिक्षकवर्गात मोठ्या चवीने सांगितली जाते. अशोकाच्या काळातील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पार बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही केल्या फरक पडत नाही, तो ‘ढ’. उपपत्ती खरी असो वा मागाहून रचलेली, तिच्यामागचे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. शिकवण्याची रीत तीच ठेवायची आणि विद्यार्थी बदलत नाही अशी तक्रार करायची, असे हे गृहीतक आहे. रीत बदलून पाहिली का, हा प्रश्न त्यात कोठेच येत नाही.

या घटकात आपण नेमका तो प्रश्न विचारणार आहोत. आपल्यापैकी काहीजण पुढे अभ्यासकेंद्रावर सहाध्यायांना मदत करतील, काही शिक्षक होतील, काहींच्या घरात असा एखादा विद्यार्थी असेल. हे वाचताना ‘हे तर माझेच वर्णन आहे’ असेही कोणाला वाटेल. विवेचन त्या सर्वांना उद्देशून आहे.

कोणाविषयी बोलत आहोत?

बुद्धी सर्वसामान्य किंवा त्याहून तल्लख असूनही काहींना छापील मजकूर वाचणे, अक्षरलेखन किंवा आकडेमोड कमालीची कठीण जाते. याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया हे तिचे परिचित प्रकार. काहींचे लक्ष एका जागी टिकत नाही, काम सुरू करणे आणि तडीस नेणे जमत नाही. याला अवधान-अस्थिरता व अतिचंचलता किंवा एडीएचडी म्हणतात. स्वमग्न व्यक्तींना बोलण्यातील गर्भित अर्थ, अचानक होणारे बदल, गोंगाट आणि गर्दी यांचा त्रास होतो. उलट नियम, तपशील आणि आवडीचा विषय यांवर त्यांची पकड विलक्षण असू शकते. एकाच व्यक्तीत यांतील दोन गोष्टी एकत्र असणेही नवलाचे नाही.

या सर्वांना एका छत्राखाली आणणारी ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संकल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आली. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. माणसांच्या मेंदूची घडण एकसारखी नसते, आणि हे वेगळेपण म्हणजे सरसकट बिघाड नव्हे, हा तिचा आशय. मराठीत तिच्यासाठी एकच सर्वमान्य शब्द अजून रुळलेला नाही. येथे आपण ‘निराळी मेंदूघडण’ असे साध्या शब्दांत म्हणू.

‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. पण त्यातील मुलगा आठ-नऊ वर्षांचा आहे, आणि एक समजूतदार चित्रकला-शिक्षक भेटताच त्याची गाडी रुळावर येते. त्यामुळे हा प्रश्न लहान मुलांचा आहे आणि वेळीच उपाय केला की तो संपतो, अशी एक समजूत नकळत रुजली. वास्तवात ही मुले मोठी होतात, दहावी-बारावीशी झगडतात, नोकरीला किंवा शेतीला लागतात, आणि मग पंचविशीत-तिशीत एखाद्या दिवशी बी. ए. चा अर्ज भरतात. मेंदूची घडण तीच असते. वयाने फक्त ती लपवण्याचे कसब वाढलेले असते.

मुक्त शिक्षणाची दुधारी सोय

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली नाशिक येथे झाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आपणांस परिचित आहे. बारावी न झालेल्या व्यक्तीलाही पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने पदवीकडे येता यावे, ही मुक्त शिक्षणाची मोठी देणगी होय. शालेय परीक्षांनी ज्यांना बाहेर ठेवले, त्यांत निराळ्या मेंदूघडणीचे विद्यार्थी असणारच. त्यांच्यासाठी हे दार उघडले गेले.

दार उघडे असले तरी आतल्या वाटचालीत एक अडचण आहे. नियमित महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या नकळत त्याला सांभाळणाऱ्या पुष्कळ गोष्टी असतात: ठरलेली तासिका, हजेरी, शेजारच्या बाकावरचा मित्र, ‘उद्या टिपणे दाखवायची आहेत’ हे शिक्षकांचे वाक्य. मुक्त शिक्षणात पुस्तके हाती येतात, संमंत्रण सत्रे मोजकी होतात आणि परीक्षा एकदम समोर उभी राहते. मधले सगळे महिने विद्यार्थ्याने स्वतः बांधून काढायचे असतात. कामाचे तुकडे पाडणे, क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे, सुरुवात करणे, विसरलेले आठवणे, ही जी अभ्यासामागची न दिसणारी मेहनत आहे, नेमकी तीच एडीएचडी किंवा स्वमग्नता असलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जाते. त्याला विषय समजत नाही असे नव्हे. विषयापर्यंत पोहोचण्याची पायवाटच त्याच्यासमोर आखलेली नसते.

मार्गदर्शकाचे काम येथे सुरू होते. तो विषयाची शिकवणी घेत नाही, उपचारही करत नाही. ही न दिसणारी मेहनत तो कागदावर उघडी करून दाखवतो आणि काही काळ तिचा थोडा भार स्वतः उचलतो.

नांदगावचे एक उदाहरण

समजा, आपण नांदगाव तालुक्यातील एका सहाध्यायाला मदत करत आहात. नांदगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचे, मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यानचे तालुक्याचे ठिकाण. तालुका अवर्षणप्रवण, शेतीत कांदा महत्त्वाचा. आपला हा कल्पित सहाध्यायी सत्तावीस वर्षांचा आहे. बारावीत इंग्रजीत दोनदा नापास झाला, मग शेती आणि जोडीला विद्युतपंपांची दुरुस्ती. मोटर उघडल्यावर तिच्यात काय बिघडले ते त्याला आवाजावरून कळते. पुस्तकाचे एक पान वाचायला मात्र त्याला अर्धा तास लागतो, आणि पानाच्या तळाशी येईतो वरचे विरून गेलेले असते. घरच्यांच्या मते तो ‘डोक्याने हुशार, पण अभ्यासाचा कंटाळा’ असा आहे.

पहिल्या भेटीत काय विचारावे? ‘तुम्हांला काय त्रास आहे?’ या प्रश्नाने माणूस मिटतो. ‘आजवर कोणती गोष्ट तुम्ही चांगली शिकलात, आणि ती कशी शिकलात?’ असे विचारा. पंपाची दुरुस्ती तो कोणाच्या तरी शेजारी बसून, ऐकून, हाताने करून शिकला असेल. म्हणजे शिकण्याची एक रीत त्याच्यापाशी आधीच आहे. ती मराठी साहित्याच्या अभ्यासाला कशी लावता येईल, हे दोघांनी मिळून शोधायचे आहे. संबोधनाकडेही लक्ष असू द्या. मार्गदर्शक बावीस वर्षांचा आणि विद्यार्थी सत्तावीस वर्षांचा असेल, तर ‘अरे-तुरे’ शोभत नाही. ‘दादा’, ‘भाऊ’, ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ यांत जो मान आहे, तो अशा माणसाला शाळेत फारसा मिळालेला नसतो.

आणखी एक खबरदारी. तालुक्याच्या काही भागांत अहिराणी, काही वस्त्यांवर बंजारा बोली घरात बोलली जाते. अशा विद्यार्थ्याला प्रमाण मराठी लिहिताना होणारे घोटाळे हे बोलीमुळे असू शकतात. त्यांना अक्षमता समजू नये. उलट खरीच अक्षमता असताना ‘त्याची भाषा तशीच आहे’ म्हणून सोडून देणे, हीदेखील चूकच. एक साधी खूण सांगता येते: बोलीमुळे होणारे घोटाळे शब्दांच्या निवडीत आणि रूपांत दिसतात, आणि वाचनाचा सराव वाढला की कमी होतात. वाचन अक्षमतेत स्वतःच्या बोलीतला ओळखीचा शब्दही कागदावर अनोळखी वाटतो. ही खूण केवळ सावध करण्यापुरती आहे. निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

देवनागरीतील अडथळे

डिस्लेक्सियाविषयी आपण जे वाचतो, ते बहुधा इंग्रजीवरून आलेले असते. तिथे उलटसुलट दिसणाऱ्या रोमन अक्षरांची उदाहरणे दिलेली असतात. मराठी वाचणाऱ्याची अडचण वेगळी आहे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी ती आपल्या लिपीच्या अंगाने समजून घेतली पाहिजे.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध इंग्रजीपेक्षा बराच सरळ आहे. ही जमेची बाजू. पण चिन्हांची गर्दी मोठी आहे. मात्रा अक्षराच्या वर, खाली, मागे आणि पुढे, चारही दिशांना बसतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात मात्र ती नंतर. डोळा एका क्रमाने जातो, कान दुसऱ्या. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यांत एवढासा फरक. ‘ख’ तुटक छापला गेला तर ‘रव’ होतो. एकटा ‘र’ घ्या: ‘कर्म’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ यांत तो चार वेगवेगळी रूपे धारण करतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद एका लहानशा रेषेवर उभा आहे, आणि ती रेष निसटली की गुरुजी आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होते. आपण यावर हसतो. ज्याची ही रेष दर ओळीला निसटते, तो हसत नाही.

शुद्धलेखनाचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. या अठरा नियमांतील ऱ्हस्व-दीर्घाचे नियम मराठी कानाला सहजी ऐकू येत नाहीत, कारण आपल्या रोजच्या उच्चारात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद तितका स्पष्ट उरलेला नाही. ते नियम डोळ्याने आणि स्मरणाने सांभाळावे लागतात, आणि वाचन अक्षमतेत तीच बाजू कमकुवत असते. म्हणून मार्गदर्शकाने एक पथ्य पाळावे: विद्यार्थ्याच्या पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाच्या एकाही चुकीवर खूण करू नये. आधी विचार कागदावर येऊ द्या. दुरुस्ती हे वेगळ्या दिवसाचे, वेगळ्या बैठकीचे काम ठेवा. दोन्ही कामे एकाच वेळी मागितली की विद्यार्थी ज्या शब्दांचे लेखन त्याला ठाऊक आहे तेवढेच शब्द वापरतो, आणि त्याचे उत्तर त्याच्या आकलनापेक्षा पुष्कळ पोरके दिसते.

आता मदतीची साधने पाहू. बहुतेक स्मार्टफोन मराठी मजकूर वाचून दाखवू शकतात आणि बोललेले मराठी टंकितही करू शकतात. पुस्तकाच्या छापील पानाचा फोटो घेऊन त्यातील मजकूर वेगळा काढणारी सोयही फोनवर मिळते. आपल्या पंप-दुरुस्तीवाल्या सहाध्यायाने ही सोय एकदा हाताळली की अर्ध्या तासाचे पान पाच मिनिटांत ऐकून होते. ऐकताना बोट किंवा कागदाची पट्टी ओळीवर सरकवत राहावे, म्हणजे डोळा आणि कान एकमेकांना आधार देतात. यंत्राच्या मर्यादाही आहेत. प्राचीन मराठी गद्य आणि ओव्या यंत्र सपाट आवाजात वाचते. यती चुकतो, अर्थ हरवतो. तेथे मार्गदर्शकाने स्वतः मोठ्याने वाचून तो आवाज फोनवर नोंदवून द्यावा. मराठीच्या विद्यार्थ्याला याहून चांगला वाचनाचा सराव दुसरा नाही, हा त्यातला मार्गदर्शकाचा स्वतःचा लाभ.

ऐकून साहित्य शिकणे ही काही कमी दर्जाची पळवाट नव्हे. ओवी, अभंग, कीर्तन, भारूड, लावणी, पोवाडा हा आपल्या अभ्यासक्रमातला केवढा तरी भाग कानांसाठीच निर्माण झाला. नांदगावहून रेल्वेने पूर्वेकडे गेले की जळगाव लागते. तेथील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांमुळे कागदावर टिकली आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. बहिणाबाईंना शाळेची संधीच मिळाली नव्हती. त्यांच्यावर कोणतेही निदान चिकटवण्याचा येथे हेतू नाही. अक्षरओळख आणि वाङ्मयीन जाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

उत्तर लिहिण्यापूर्वी उत्तर बोलावे, ही याच रीतीची दुसरी बाजू. प्रश्न वाचायचा, फोन समोर ठेवायचा आणि एखाद्या मित्राला सांगतो आहोत असे पाच मिनिटे बोलायचे. मग ते ऐकून मुद्दे टिपायचे. पुष्कळदा विद्यार्थी स्वतःचे बोलणे ऐकून चकित होतो, कारण हे आपल्याला एवढे माहीत आहे याचा त्याला पत्ताच नसतो.

‘थोडक्यात लिहा’ म्हणजे किती?

दुसरी विद्यार्थिनी कल्पू. ती स्वमग्न आहे; वाचन उत्तम, स्मरण पक्के, मराठी व्याकरणाची मनापासून आवड. अडते ते प्रश्नपत्रिकेतील भाषेवर. ‘थोडक्यात लिहा’ म्हणजे चार ओळी की चौदा? ‘चर्चा करा’ म्हणजे कोणाशी? ‘रसग्रहण करा’, ‘साधकबाधक विचार मांडा’, ‘सोदाहरण स्पष्ट करा’ या शब्दांमागे परीक्षकाची एक न लिहिलेली अपेक्षा असते. इतर विद्यार्थी ती एकमेकांत कुजबुजून शिकतात. जिला तशी कुजबुज लाभत नाही, तिला ती स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. उदाहरणार्थ: ‘टीप लिहा याचा अर्थ एक व्याख्या, दोन वैशिष्ट्ये, एक उदाहरण, सुमारे अर्धे पान.’ ‘चर्चा करा याचा अर्थ एक बाजू, मग दुसरी बाजू, मग तुमचे मत.’ अशी एक सूची दोघींनी मिळून तयार करावी. (मला वाटते, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीच ती छापली तर सर्वांचे भले होईल.)

स्वमग्न व्यक्तीला काव्य कळत नाही, रूपक समजत नाही, अशी सरसकट विधाने आपण ऐकतो. ती मानू नका. रूपकाची फोड नियमाने समजून घेणारी विद्यार्थिनी अलंकारप्रकरणात इतरांना मागे टाकू शकते. तिला खरी धास्ती असते ती ऐनवेळी बदललेल्या खोलीची, गोंगाटाची, पर्यवेक्षकाच्या चढ्या आवाजाची. परीक्षेच्या आठवडाभर आधी तिला परीक्षा केंद्र दाखवून आणणे, प्रवेशद्वारापासून बाकापर्यंत एकदा चालून पाहणे, हा अर्ध्या तासाचा खटाटोप महिन्याच्या अभ्यासाइतका उपयोगी पडतो.

वेळेचे नियोजन : घड्याळापेक्षा प्रसंग

‘रोज पहाटे पाच ते सात अभ्यास’ असे वेळापत्रक भिंतीवर लावणे सोपे असते. शेतकरी घरात ते तीन दिवसांत गळून पडते. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी भरून आलेला माणूस पहाटे पाचला उठणार कसा? कांद्याच्या काढणीचे दिवस तर वेगळेच. अशा घरासाठी दोन वेळापत्रके करावीत: एक बऱ्या आठवड्याचे, एक ओढाताणीच्या आठवड्याचे. दुसऱ्यात रोज दहा मिनिटांचे ऐकणे एवढेच असले तरी चालेल. धागा तुटू न देणे महत्त्वाचे, कारण एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्याला तुटलेला धागा पुन्हा हाती घेणे हेच सर्वांत कठीण काम असते.

अभ्यास घड्याळाला बांधण्याऐवजी रोज नक्की घडणाऱ्या प्रसंगाला बांधावा. दूध घालून आल्यावर चहाआधी एक पान. बाजार समितीत लिलावाची वाट पाहताना एका घटकाचे ऐकणे. कामाचा तुकडाही लहान असावा. ‘दुसरा घटक करणे’ हे काम नव्हे, ती इच्छा आहे. ‘दुसऱ्या घटकातील पहिली तीन पाने ऐकून चार मुद्दे बोलून नोंदवणे’ हे काम आहे. परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत असे तुकडे मांडावेत आणि प्रत्येक महिन्यातला एक आठवडा मुद्दाम कोरा सोडावा. तो कोरा आठवडा बहुधा भरूनच निघतो.

सुरुवात होत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. येथे नुसती सोबत आश्चर्यकारक काम करते. पूर्वी जात्यावर दोघी बसत. एकटीला जड जाणारे दळण दोघींच्या हातांनी आणि ओव्यांच्या संगतीने सरत असे. तसेच मार्गदर्शकाने आपले पुस्तक घेऊन शेजारी बसावे. शिकवू नये, विचारू नये. फक्त स्वतःचे वाचत राहावे. गावे लांब असतील तर फोन चालू ठेवून दोघांनी आपापल्या घरी बसावे. वीस मिनिटांनी ‘कुठवर आलात?’ एवढेच विचारावे. आळशी ठरवलेला माणूस अशा वीस मिनिटांत किती काम करतो, ते एकदा अवश्य पाहावे.

प्रमाणपत्र, सवलती आणि शंभर किलोमीटर

महाराष्ट्राने या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले. अध्ययन अक्षमता असलेल्या शालेय विद्यार्थ्यांना १९९६ पासून राज्यात परीक्षेतील सवलती मिळू लागल्या. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीची सोय होती. पण १९९५ च्या केंद्रीय अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश नव्हता. तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने केला. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, ही त्यातील मोठी उणीव. कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची, जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जादा वेळ ताशी किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास ठरवला होता. त्या सूचना ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी होत्या. मग ज्याचे प्रमाण त्याहून कमी, पण हात लिहीत नाही, त्याने काय करावे? विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या मर्यादेवर अडवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा व्यक्तींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या.

कागदावर हे सर्व आश्वासक आहे. नांदगावच्या विद्यार्थ्यासाठी त्याचा अर्थ असा की जिल्ह्याचे ठिकाण, नाशिक, सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तपासणी एका फेरीत होत नाही. प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. शिवाय मराठीत प्रौढांची वाचनक्षमता तपासण्याची साधने तोकडी आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह काही भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाचे साधन विकसित केले, परंतु ते प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी आहे. म्हणून मार्गदर्शकाने हे काम परीक्षेच्या तोंडावर ठेवू नये. प्रवेश झाला त्याच महिन्यात केंद्रसंयोजकांना लेखी विचारावे: सवलतीसाठी अर्ज कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणते प्रमाणपत्र चालेल, लेखनिकाची पात्रता काय. शाळेत मिळालेले जुने प्रमाणपत्र पदवीला चालेलच असे गृहीत धरू नये. अर्जाची पोच घ्यावी आणि तिचा फोटो दोघांच्या फोनवर ठेवावा. लेखनिक मिळाला तरी त्याच्यासोबत दोन-तीन सराव झाल्याशिवाय परीक्षेला बसू नये. सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे.

प्रमाणपत्र न मिळाल्यास सारे संपले असे मात्र नाही. वर सांगितलेले ऐकणे, बोलून मांडणे, सोबत बसणे, सूचनांची सूची, दोन वेळापत्रके यांपैकी एकाही गोष्टीला कोणाची परवानगी लागत नाही.

गुप्तता आणि मर्यादा

लहान गावात गोष्ट लपत नाही. मुलीला ‘डोक्याचे काहीतरी आहे’ अशी कुजबुज सुरू झाली की तिचे लग्न जमण्यावर परिणाम होईल, या भीतीने आईवडील तपासणीच टाळतात. ही भीती अडाणीपणाची म्हणून झटकू नका. तिच्यामागे अनुभव असतो. कोणाला, किती आणि केव्हा सांगायचे हे विद्यार्थ्यानेच ठरवावे. केंद्रसंयोजकांशी बोलण्यापूर्वी मार्गदर्शकाने त्याची संमती घ्यावी, आणि बोलताना निदानाचे नाव न घेता केवळ सोयीची गरज सांगता येते का, ते पाहावे. ‘यांना पुढच्या बाकावर, पंख्यापासून दूर बसू द्यावे’ या वाक्यात कोणतेच निदान उघड होत नाही.

मार्गदर्शकाने स्वाध्याय लिहून देऊ नयेत. दयेपोटी ते करावेसे वाटते, आणि घरचे तर हात जोडून विनवतात. पण लिहून दिलेल्या प्रत्येक उत्तराबरोबर ‘तुम्हांला हे जमणार नाही’ हा निरोप पोहोचतो. मदत हळूहळू काढूनही घ्यायची असते. पहिल्या सत्रात आठवड्याचे नियोजन दोघांनी मिळून करावे. दुसऱ्यात ते विद्यार्थ्याने करून दाखवावे. पुढे त्याने फक्त अडले तर फोन करावा. आणि विद्यार्थ्याच्या बोलण्यात निराशा दाटलेली दिसली, जगण्याविषयीच उदासीनता जाणवली, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी योग्य मदतीशी जोडून द्यावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

उपक्रम

या पुस्तिकेतील कोणताही एक घटक निवडा. एखाद्या सहाध्यायाला, तो निराळ्या मेंदूघडणीचा असो वा नसो, त्या घटकाची पहिली तीन पाने मोठ्याने वाचून दाखवा आणि तो आवाज फोनवर नोंदवा. दुसऱ्या दिवशी त्याला एका प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटे बोलायला सांगा. मध्ये थांबवू नका, सुधारू नका. तिसऱ्या दिवशी तेच उत्तर त्याला लिहायला सांगा. बोललेल्या आणि लिहिलेल्या उत्तरांत कोणते मुद्दे गळाले, कोणते नव्याने आले, याची नोंद अर्ध्या पानात करा आणि ती पुढील संमंत्रण सत्राला सोबत आणा.